दोघं आत, एक बाहेर

१

बोरस्ते शेठच्या डोक्याची मागची बाजू आत दबली होती आणि तिथं मुंग्यांची रांग लागली होती. मी लपणाचं, म्हणजे फोटो काढायला दडून बसायच्या खोपटाचं, गोणपाट बाजूला सारलं तेव्हा आधी मुंग्याच दिसल्या, माणूस नंतर दिसला. तो कुशीवर पडला होता. शेजारी लपणं बांधणाऱ्या हिरामणची लाकडी मोगरी होती, खुंटे ठोकायची, आणि तिला केस चिकटले होते. कॅमेरा मात्र ट्रायपॉडवर ताठ उभा होता, पाण्याकडं रोखलेला.

मी मानेला हात लावला. गार. शालीवरचं रक्त सुकून पापडासारखं कडक झालं होतं. त्यानंतर मी काय केलं ते विचारू नका. लपणाजवळची पाखरं माझ्या चाहुलीनं आधीच उठली होती; गोणपाट फाडत बाहेर आले आणि अशी किंचाळले की उरलेली, अख्ख्या पाणथळीवरची पाखरं एकदम उठली. हजारो पंखांचा आवाज झाला आणि माझाच आवाज मला ऐकू येईना.

मी ज्योत्स्ना पगारे. नाशकात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि हिवाळ्यात मी हौशी फोटोग्राफरांना नांदूरमध्यमेश्वरला पाखरांचे फोटो काढायला नेते. बाईमाणूस कशाला चिखलात फिरते म्हणून लोक नाकं मुरडतात, त्यांची नाकं त्यांना लखलाभ. बिबट्या बघितलाय, साप पायावरून गेलाय, मी कधी ओरडले नव्हते. त्या सकाळी ओरडले.

मागून कुणीतरी माझा खांदा धरला. सहलीतले पुंजारामभाऊ होते.

"ताई, खाली बसा," ते म्हणाले. "पाणी घ्या. काय झालं?"

मी लपणाकडं बोट केलं. तेवढ्यात समोरून, दलदल तुडवत, सहलीतली तेजल पळत आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, धापा टाकत. तिनं आत डोकावलं आणि झटक्यात मागं सरली.

"पण ताई," ती म्हणाली, "शेठसोबत आत फक्त हिरामण गेला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

२

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळा घोळ त्या पद्धतीतच आहे.

पाखराला मोजता येत नाही. एक माणूस लपणात शिरताना दिसला की पाखरू तिकडं फिरकत नाही, सकाळ वाया जाते. म्हणून आम्ही नेहमी दोघं शिरतो. मग एक जण बाहेर पडतो आणि पाखरांना दिसेल असा, आरामात निघून जातो. पाखराला वाटतं, माणूस आला होता, गेला. अर्ध्या तासात ते लपणाच्या तोंडाशी येऊन बसतं. दोघं आत, एक बाहेर. जगभर फोटोग्राफर असंच करतात आणि पाखरं जगभर फसतात.

डिसेंबर २००२ची ती सहल. माणसं मोजकीच. सातपूरला प्रेस शॉप, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढायचा कारखाना, चालवणारे दिनकर बोरस्ते. त्यांच्याच कारखान्यातले सुपरवायझर पुंजाराम साळवे, आमच्या कॉलनीतले. यांचा मुलगा संघर्ष दोन वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात प्रेसखाली सापडून गेला. त्यानंतर शेठनं पुंजारामभाऊंना स्वतःचा जुना कॅमेरा दिला, आणि तो त्यांना सहलींना सोबत आणायला लागला. लोक म्हणायचे, बघा, शेठचं मन किती मोठं. भाऊ शेठची लेन्सची पेटी उचलायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचे फोटो काढायचे. गुडघ्यानं अधू माणूस, पण डोळा चांगला होता. तिसरी तेजल, बाहेरगावची, कॉलेजात शिकवणारी मुलगी. तिनं काढलेला करकोच्याचा फोटो शेठनं स्वतःच्या नावावर प्रदर्शनात लावला होता, आणि हे तिला सहलीला आल्यावर कळलं. आदल्या संध्याकाळी जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "या माणसाला पाण्यात दाबून धरला पाहिजे."

आणि हिरामण. पेठकडचा. माझी लपणं तो उभी करतो, बांबू, पाणकणसाचं गवत आणि गोणपाटाची. शेठचं सामान फार, म्हणून त्याचं लपण ऐसपैस केलेलं, मागं गोणपाटाचा पडदा लावून सामानाला वेगळी जागा. समोर पाण्यात हिरामणनं बाभळीचं एक खोड रोवलं होतं, पाखराला बसायला.

त्याच संध्याकाळी शेठनं एक जखमी बदक आणलं आणि हिरामणला सांगितलं, हे जिवंतच त्या खोडाला बांध, शिकारी पक्षी खाली येईल, फोटो मिळेल. हिरामण नाही म्हणाला. शेठनं त्याच्या कानाखाली वाजवली. हिरामणनं कमरेचा कोयता उपसला. मी मध्ये पडले म्हणून त्याच संध्याकाळी मुडदा पडला नाही.

सकाळी अंधारात, धुकं दाटलेलं असताना, मी तेजलला तिच्या लपणात सोडलं. मग त्याच्याही पलीकडं, ओहोळ ओलांडून पुंजारामभाऊंना त्यांच्या. ते दर थोड्या अंतरावर थांबून गुडघा चोळत होते. शेठ मात्र डेऱ्यात चहा पीत बसला होता, उजाडल्याशिवाय निघणार नाही म्हणून. फटफटल्यावर हिरामण त्याला घेऊन गेला. मी पाखरं बघायच्या मनोऱ्यावर चढून, विरळ होत चाललेल्या धुक्यातून दुर्बिणीनं बघत होते. दोघं आत गेले. हिरामण एकटा बाहेर आला.

इन्स्पेक्टर खैरनार आले तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "त्यानंतर लपणाकडं कुणी गेलं का?"

"शक्यच नाही," मी म्हणाले. मला वाटलं मी हिरामणला मदतच करतेय. "कुणी पाऊल टाकलं असतं तरी पाखरं उठली असती. मी जाईपर्यंत एक पाखरू हललं नाही."

"म्हणजे हिरामण सोडून कुणीच गेलं नाही," खैरनार म्हणाले आणि हवालदाराला खूण केली. माझ्या समोर त्यांनी हिरामणला केसाला धरून जीपमध्ये कोंबलं. त्याला अडकवणारं वाक्य माझ्याच तोंडातून गेलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या दारात भागीबाई बसली होती, हिरामणची बायको. पेठहून यष्टी बदलत आली होती. ती पदर तोंडात धरून माझ्याकडं बघत राहिली. मला तिच्याकडं बघवेना.

खैरनारांनी मला आत जाऊ दिलं. हिरामण भिंतीला टेकून बसला होता, पाय पुढं पसरून. तळवे सुजून निळे झाले होते आणि डाव्या हाताची दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती.

"बाई, मी नाय मारला त्याला," तो म्हणाला. "पेटी त्याच्या पायाशी ठिवली, ट्रायपॉड उभा करून दिला, त्यानं शिवी दिली, मी भायर आलो. लय मारत्यात ओ."

मी बाहेर येऊन खैरनारांच्या टेबलावर हात आपटला. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहे, तिचा त्या दिवशी पुरेपूर उपयोग केला. खैरनार शांतपणे चहा पीत राहिले.

"बाई, आदल्या दिवशी कोयता काढला. हत्यार त्याचं. आत गेला तो एकटा. साक्षीदार तुम्ही. अजून काय पाहिजे? उद्या कोर्टात उभा करतो. आज रात्रीतून कबुली देईल."

म्हणजे आणखी एक रात्र मारणार. हे त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

जाता जाता त्यांनी शेठचा कॅमेरा दाखवला. "एवढा लाखाचा कॅमेरा, आणि आत रोलच नाही. नुसताच दिखावा."

मी तिथंच थांबले. रोल नाही? आदल्या संध्याकाळी, हिरामणला मारण्याच्या जरा आधी, शेठनं माझ्यासमोर नवा रोल भरला होता. माझ्याच स्टुडिओतून घेतलेला.

"खिशात होता का? पेटीत?"

"कोरे पुष्कळ. वापरलेला एकही नाही."

मी सरळ तेजल उतरली होती त्या लॉजवर गेले. तिचे डोळे रडून सुजले होते, आणि त्याचा तिला राग येत होता.

"मी नाही रडणार त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मी त्याला कोर्टात खेचणार होते, ताई. आता मेलेल्या माणसावर काय केस करू? माझा फोटो कायमचा त्याच्याच नावावर राहिला."

"सकाळी तुला काही ऐकू आलं? आरडाओरडा?"

"काही नाही. ऊन आल्यावर त्याच्या कॅमेऱ्याचा खटखटाट तेवढा चालू होता. ती मोटर किती वाजते माहितीये ना? माझी बदकं बिचकत होती. सारखं वाटत होतं, जाऊन त्याचा गळा दाबावा."

"ऊन आल्यावर? नक्की?"

"धुकं उठल्यावर. चांगलं लख्ख ऊन होतं."

मी तिला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

४

कारण मीही ते पाहिलं होतं. आवाज नाही, पण पाहिलं होतं.

धुकं उठल्यावर शेठच्या लपणासमोरच्या खोडावर मासेमार घार येऊन बसली होती. पंजात हातभर मासा. मासा अजून जिवंत, शेपटी आपटत होता, आणि ती त्याचं डोकं फाडून खात होती. लपणापासून चार ढांगांवर. मी मनोऱ्यावर जळून खाक झाले. म्हटलं, जगात न्याय म्हणून नाही, हा नालायक काल माझ्या माणसाला मारतो आणि आज याला हे मिळतं. घार मध्येच खायची थांबायची, मान उचलून लपणाकडं रोखून बघायची, पुन्हा खायला लागायची. शटर वाजलं की पाखरू असंच करतं. म्हणजे आत कुणीतरी फोटो काढत होतं.

पण ती घार उडून गेल्यावर थोड्याच वेळात मी शेठला आणायला गेले, आणि शालीवरचं रक्त पापडासारखं कडक झालं होतं. गार पहाटेत रक्त असं घटकाभरात वाळत नाही. शेठ ऊन पडायच्या कितीतरी आधी मेला होता.

मग फोटो कुणी काढले?

आत दुसरा माणूस होता. हिरामण आणि शेठ यायच्या आधीपासून होता, अंधारात येऊन मागच्या पडद्याआड बसलेला. हिरामण निघून गेल्यावर त्यानं मोगरी उचलली. आणि मग त्याला बाहेर पडता येईना. बाहेर पाय टाकला असता तर हजारो पाखरं उठली असती आणि मनोऱ्यावरून मी बघितलं असतं. तो मुडद्याशेजारी बसून राहिला. पाखरांच्या लेखी लपण रिकामं होतं. माझ्याही लेखी तिथं फक्त शेठ होता. दोघांना आत जाताना बघितलं, एकाला बाहेर येताना बघितलं, आणि मी पाखरासारखीच फसले. मी गोणपाट सारलं तेव्हाही तो माझ्यापासून हातभर अंतरावर, पडद्यामागं होता.

मी किंचाळत बाहेर पडले, पाखरं उठली, आणि त्या गोंधळात तो मागच्या पाणकणसातून बाहेर आला.

तेजल ओहोळाच्या अलीकडं होती, पण मधल्या दलदलीतून तुडवत आली, भिजलेली आणि धापा टाकत. ती समोरून आली. पुंजारामभाऊंचं लपण तिच्याही पलीकडं. गुडघ्यानं अधू माणूस. तो तिच्या आधी पोचला, माझ्या मागून, आणि त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

मी खैरनारांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं, एवढं कबूल करते.

"वाळलेलं रक्त आणि बिचकलेली घार घेऊन कोर्टात जाऊ का?" ते म्हणाले. "तो रोल आणा. तो मिळाला तर बोलू."

रोल कशाला ठेवील कुणी? पेटवून दिला की संपलं. कुठलाही शहाणा खुनी तेच करील. पण मी त्या घारीचा विचार केला. पुंजारामभाऊंकडं स्वतःची मोठी लेन्स कधीच नव्हती. शेठची पेटी वाहिली, पण तिच्यातून त्यांना कधी बघायला मिळालं नाही. मुडदा शेजारी असताना ज्याला बोट आवरता आलं नाही, त्याला काडी ओढवली असेल?

मी स्कूटर काढली.

५

"जय भीम, ताई," पुंजारामभाऊंनी दार उघडलं. जणू माझी वाटच बघत होते. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली संघर्षचा फोटो होता, मीच काढलेला, बारावीच्या अर्जासाठी. सुमनबाई आतून पाणी घेऊन आल्या.

मी पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घार, रक्त, रिकामा कॅमेरा, न लागलेली धाप. भाऊ ऐकत होते, गुडघा चोळत.

"आणि समजा असं असलं," ते हळू म्हणाले, "तर तुम्हाला वाईट वाटेल का शेठचं?"

"शेठचं मला काडीचं वाईट वाटत नाही. मी हिरामणसाठी आलेय."

ते बोलले ते संघर्षच्या फोटोकडं बघून.

"प्रेसला गार्ड असतो, ताई. हात आत असला तर मशिन पडत नाही. शेठ म्हणाला, काम हळू होतं, गार्ड काढ. मी काढला. माझ्या हातानं पाने घेऊन काढला. आठवड्यानं त्याच मशिनवर माझ्या पोराला बसवलं. त्याला बाहेर काढायला मलाच बोलावलं, कारण मशिन उलटं फिरवायचं मला माहीत होतं."

सुमनबाई दाराला धरून उभ्या होत्या.

"तरी मी दोन वर्षं त्याची पेटी उचलली. नोकरी होती. पण गेल्या सोमवारी तो म्हणाला, दुसऱ्या लाईनीचेही गार्ड काढ. तिथं कालपरवा लागलेली पोरं आहेत. मी म्हणालो, शेठ, संघर्ष. तो म्हणाला, अरे, एकदा झालं म्हणून काय रोज होतं का?"

"भाऊ, मोगरी हिरामणची होती."

"हाताला ती लागली. मी घरून पाना नेला होता." ते पुन्हा गुडघा चोळायला लागले. "हिरामणला धरतील हे डोक्यातच नव्हतं. मग वाटलं, पुराव्यावाचून सोडतील."

"त्याची बोटं मोडलीत," मी म्हणाले. "तळपाय जमिनीला टेकवत नाहीत. बायको ठाण्याच्या पायरीवर बसलीय, आणि आज रात्री पुन्हा मारणार आहेत. तुम्ही गप्प बसलात तर उद्या तो कबूल करील. कुणीही करील. भाऊ, तुम्ही गार्ड काढला तेव्हा शेठनं सांगितलं होतं. आता कुणी सांगितलंय?"

एवढं बोलायला नको होतं असं मला तोंडातून गेल्यावर वाटलं. पुंजारामभाऊंनी तोंडात मारल्यासारखी मान खाली घातली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस बोलणार नाही.

सुमनबाई आत गेल्या. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत पिठानं माखले होते. मुठीत रोल होता.

"रात्री लपवताना बघितलं मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझं पोर गेलं म्हणून त्या बाईचा नवरा द्यायचा का?"

त्यांनी रोल माझ्या हातावर ठेवला आणि मग त्यांना रडू कोसळलं. पुंजारामभाऊंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, कोट चढवला, चपला घातल्या. जिन्यात ते थांबले. मला वाटलं गुडघा दुखतोय.

"ताई, मला पकडल्यावर बघायला मिळणार नाही," ते म्हणाले. "फोटो आला असंल का हो चांगला?"

६

मी रोल स्वतःच्या हातानं धुतला, खैरनारांचा हवालदार शेजारी उभा असताना. अकरा फोटो होते, सगळे लख्ख उन्हातले, बाभळीच्या त्या खोडावरचे. सातव्यात घारीनं मान वळवून सरळ लेन्सकडं बघितलंय, चोचीतून माशाचं रक्त ठिबकतंय. आयुष्यभर पाखरांमागं फिरून मला तसा फोटो मिळाला नाही. खैरनारांनी तो कागदपत्रांत लावला. त्यापलीकडं पुरावा शोधायची गरजच पडली नाही, पुंजारामभाऊंनी सगळं स्वतः सांगितलं.

पुढं त्यांना जन्मठेप झाली. मी साक्ष दिली, खरी दिली, आणि त्यानंतर सुमनबाईंकडं जायला मला पुष्कळ दिवस धीर झाला नाही.

हिरामणला रोल धुतला त्याच संध्याकाळी सोडलं. दोन हवालदारांनी बखोटीला धरून पायरीपर्यंत आणलं आणि तिथं ठेवून दिलं. कुणी चुकलं म्हणालं नाही. भागीबाईनं त्याचं तोंड आपल्या पदरानं पुसलं. मी जीप आणली होती. दवाखान्यात न्यायचं, बोटं बसवायची, मग पेठला सोडायचं, असं मी एकटीच बडबडत होते.

"हिरामण, सुटलास ना," मी म्हणाले. "खरा माणूस सापडला. तू कबुलीवर अंगठा दिला नव्हतास, बरं झालं."

"दिला," तो म्हणाला. "दुपारीच दिला."

मी गाडी बाजूला घेतली.

"मारामुळं दिलास. कळतं सगळ्यांना."

"तसं नाय, बाई." तो मोडक्या बोटांकडं बघत होता. "तेंनी इतक्यांदा सांगितलं, तू आत गेलास, तू मोगरी उचलली, तू हाणली. मंग मला दिसायाच लागलं. त्याचं डोकं, माझा हात. आता तुम्ही म्हणता मी नाय मारलं. मला सांगा, बाई, नक्की नाय ना मारलं मी?"

भागीबाईनं त्याचा हात मांडीवर घेतला. मी म्हणाले, नाही मारलंस. वाटेत त्यानं पुन्हा विचारलं, आणि दवाखान्याच्या दारात पुन्हा. पुढच्या हिवाळ्यात लपणं बांधायला तो आला, तेव्हाही पहिल्यांदा तेच विचारलं. मी दर वेळी सांगते.